४३ लाखांची ‘छोटी’ ऑडी: क्यू३ च्या दिसण्यावर आणि किमतीवर एवढी टोकाची मतं का?

लक्झरी गाडीचा फोटो मोबाईलवर आला की दोन मिनिटांत दोन गट पडतात. एक म्हणतो, “काय दिसतेय राव!” दुसरा म्हणतो, “एवढ्या पैशात फॉर्च्युनर येते की, वर पैसे उरतात.” ऑडी क्यू३ च्या बाबतीत हे दोन्ही गट नेहमी जरा जास्तच जोरात बोलतात. कारण या गाडीत दोन गोष्टी एकमेकींना धडकतात. आकार मध्यम आहे, पण किंमत चाळीस लाखांच्या वर.

आपल्याकडं या गाडीवर बोलायला आणखी एक कारण आहे. भारतात विकली जाणारी क्यू३ जोडली जाते ती मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत. म्हणजे कंधारपासून तीनशे किलोमीटरच्या घरात. तरीही कंधारच्या, लोह्याच्या किंवा अहमदपूरच्या माणसाला तिची किंमत ऐकून घाम फुटतो. आपल्याच विभागात बनते, मग एवढी महाग का? दिसायला त्यात एवढं काय आहे? आणि जे लोक घेतात ते कोणत्या हिशोबानं घेतात?

हे सगळं नीट सोडवून बघू. किमतीचे आकडे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हाचे आहेत. आज तुम्ही शोरूमला जाल तेव्हा ते थोडे मागंपुढं झालेले असतील, पण हिशोबाची रीत तीच राहते.

आधी ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दाचा घोळ

क्यू३ ला जगभर ‘कॉम्पॅक्ट लक्झरी एसयूव्ही’ म्हणतात. आपल्याकडं कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हटलं की डोळ्यासमोर ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू येतात. या सगळ्या चार मीटरच्या आतल्या गाड्या. कारण आपल्या कर कायद्यात छोटी गाडी ठरते ती लांबी आणि इंजिन बघून. लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत, तर छोटी.

भारतात २०२२ साली आलेली दुसऱ्या पिढीची क्यू३ साधारण ४.४८ मीटर लांब आहे. म्हणजे आपल्या क्रेटापेक्षाही थोडी लांबच. पण ऑडीच्या स्वतःच्या ताफ्यात क्यू५, क्यू७, क्यू८ या तिच्या थोरल्या बहिणी आहेत, म्हणून ही धाकटी ‘कॉम्पॅक्ट’. जर्मन माणसाच्या लेखी छोटी, भारतीय करखात्याच्या लेखी मोठी. पहिला गैरसमज इथंच होतो. लोक ‘कॉम्पॅक्ट’ ऐकतात, नेक्सॉन आठवतात आणि किंमत बघून चिडतात.

दुसरा गैरसमज उलटा आहे. लोक ‘एसयूव्ही’ ऐकतात आणि फॉर्च्युनर आठवतात. फॉर्च्युनर जवळपास ४.८ मीटर लांब, उंच, सात आसनांची, मजबूत चॅसीवर बसवलेली. गावात शिरली की लांबून ओळखू येते. तिच्या शेजारी क्यू३ उभी केली तर ती दबल्यासारखी वाटणारच. पण क्यू३ फॉर्च्युनरशी स्पर्धा करायला बनलेलीच नाही. ती शहरात सहज वळावी, हायवेवर कारसारखी चिकटून चालावी, आत बसल्यावर शांत वाटावं, यासाठी बनलेली आहे.

दिसण्यावरून भांडण कशाचं?

दुसऱ्या पिढीच्या क्यू३ बद्दल दोन तक्रारी कायम ऐकू येतात. पहिली, “सगळ्या ऑड्या सारख्याच दिसतात.” दुसरी, “जुनी वाटते.”

पहिल्या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. पुढची मोठी आठकोनी जाळी, धारदार हेडलाइट, दारावरून जाणारी ठसठशीत रेघ, हे सगळं थोरल्या गाड्यांवरून उतरवलेलं. कंपनीला हवंच असतं की ४३ लाखांची गाडी आरशात दिसली तर पुढच्या माणसाला क्षणभर ८० लाखांची वाटावी. धाकटीची विक्री थोरलीच्या रुबाबावर होते. सगळ्या जर्मन कंपन्या हेच करतात.

दुसरी तक्रारही खोटी नाही. ही पिढी जगासमोर आली २०१८ मध्ये आणि भारतात विक्रीला आली ऑगस्ट २०२२ मध्ये. म्हणजे आपल्याकडं ‘नवी’ म्हणून आली तेव्हाच तिचं रूप चार वर्षांचं होतं. मधल्या काळात आपल्या देशी गाड्यांनी दिसण्यात मोठी उडी मारली. दाराच्या लपत्या मुठी, बोनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी दिव्याची पट्टी, छतभर काच. पंचवीस लाखांच्या गाडीत हे बघितल्यावर ऑडीचं साधं, नेटकं रूप काहींना फिकं वाटतं. काहींना मात्र तेच आवडतं, कारण भडक नसलेली गोष्ट लवकर जुनी होत नाही.

जून २०२५ मध्ये तिसऱ्या पिढीची क्यू३ जगासमोर आली आणि वाद नव्यानं पेटला. यात पुढचे दिवे दोन मजली आहेत. वर बारीक पट्टी, खाली मुख्य हेडलाइट. आता ही रचना आपल्याला नवी नाही. टाटा हॅरियर जानेवारी २०१९ मध्ये आली तेव्हा तिच्यावर हेच होतं आणि तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. पुढं ते इतक्या गाड्यांवर आलं की डोळ्यांना सवय झाली. त्यामुळं भारतातल्या अनेकांची पहिली प्रतिक्रिया अशी की, “जे आमच्या पंधरा-वीस लाखांच्या गाडीवर आहे ते ऑडीनं आत्ता आणलं?” आतमध्येही बदल मोठा आहे. गिअरचा दांडा मधल्या जागेतून उचलून स्टिअरिंगमागं नेला आहे आणि समोर ११.९ इंची व १२.८ इंची असे दोन पडदे आहेत. जागा मोकळी झाली म्हणणारेही आहेत आणि “गाडी आहे की टीव्हीचं दुकान” म्हणणारेही.

दिसण्याची एक तांत्रिक बाजू फारशी कुणी सांगत नाही. जुन्या लक्झरी गाड्या रुबाबदार दिसायच्या त्या लांब बोनेटमुळं. त्यांचं इंजिन उभं बसवलेलं असायचं. क्यू३ मध्ये इंजिन आडवं बसतं. त्यामुळं बोनेट आखूड होतं आणि वाचलेली लांबी आतल्या माणसांना आणि डिकीला मिळते. म्हणूनच एवढ्या लांबीत ५३० लिटरची डिकी बसते. तुम्हाला नाक आखूड वाटतं, पण त्याच्या बदल्यात मागं दोन मोठ्या बॅगा आणि धान्याचं एखादं पोतं बसतं.

आता मुद्द्याचं: ४३ लाखांत काय काय आहे?

सप्टेंबर २०२५ आधी क्यू३ ची सुरुवातीची शोरूम किंमत होती ४६.१४ लाख. जीएसटी बदलल्यावर ती झाली ४३.०७ लाख. तीन लाख सात हजार कुठून कमी झाले? कंपनीनं स्वतःच्या खिशातून एक रुपयाही सोडला नाही, कमी झाला तो कर.

आधी अशा मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर, असे मिळून ५० टक्के लागायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि सरळ ४० टक्के जीएसटी आला. आता उलट हिशोब करून बघा. ४६.१४ लाखांतून ५० टक्के कर वेगळा काढला तर मूळ किंमत उरते ३०.७६ लाख. तिच्यावर ४० टक्के लावा, उत्तर येतं ४३.०७ लाख. म्हणजे करापूर्वीची गाडी होती तेवढ्यालाच आहे.

यावर महाराष्ट्राचा रस्ता कर. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के. तोही मूळ किमतीवर नाही, जीएसटी धरून झालेल्या किमतीवर. म्हणजे करावर कर. ४३.०७ लाखांचे १३ टक्के होतात ५.६० लाख. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्के, म्हणजे ८.६१ लाख. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता आणखी एक टक्का टीसीएस कापतो, इथं ४३ हजार. तो मात्र आयकर विवरण भरताना वळता होतो.

विमा, पासिंग, फास्टॅग धरलं की एमएच-२६ नंबर लागेपर्यंत आकडा पन्नास लाखांच्या आसपास जातो. त्यात जीएसटी १२.३० लाख आणि रस्ता कर ५.६० लाख, म्हणजे जवळजवळ १८ लाख रुपये थेट सरकारकडं. पन्नासातले अठरा.

“ऑडी लुटते” असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पण “सगळा दोष कराचा” म्हणणाऱ्यांनीही थोडं थांबावं. कारण कर काढल्यावरही गाडी ३०.७६ लाखांचीच आहे. तीस लाखांची तरी का, हा प्रश्न उरतोच.

मराठवाड्यात बनते, मग स्वस्त का नाही?

कारण ती ‘बनते’ म्हणण्यापेक्षा ‘जोडली जाते’ म्हणणं जास्त बरोबर आहे. शेंद्र्याचा कारखाना मूळ स्कोडाचा, २००१ पासूनचा. ऑडीच्या गाड्या तिथं २००७ पासून जोडल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या पिढीच्या क्यू३ ची जोडणी २०२३ मध्ये सुरू झाली. इंजिन, गिअरबॉक्स, बॉडीचे भाग परदेशातून येतात आणि इथं एकत्र होतात.

हा खटाटोप कशासाठी? आयात शुल्कासाठी. पूर्ण तयार गाडी बाहेरून आणली तर शुल्क सत्तर टक्क्यांपासून शंभर टक्क्यांच्याही वर जातं. सुटे भाग आणले तर ते बरंच कमी. शिवाय महाराष्ट्रात आयात केलेल्या तयार गाडीला रस्ता करही २० टक्के. त्यामुळं इथं जोडणी केली नसती तर आजची किंमतही स्वस्त वाटली असती.

‘सुटे भाग’ म्हणजे नेमकं काय, यावरूनच या कारखान्याच्या मालक कंपनीवर मोठं प्रकरण उभं राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागानं स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला १.४ अब्ज डॉलरच्या करमागणीची नोटीस दिली. रुपयांत बारा हजार कोटींच्या घरात. विभागाचं म्हणणं असं की कंपनीनं जवळजवळ पूर्ण गाडीचा संच वेगवेगळ्या खेपांतून आणला आणि ३० ते ३५ टक्क्यांऐवजी सुट्या भागांचं ५ ते १५ टक्के शुल्क भरलं. यात ऑडीच्या ए४ आणि क्यू५ सह स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या गाड्यांची नावं होती. कंपनीनं आरोप नाकारले आणि २०२५ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. कोण बरोबर हे ठरवणं कोर्टाचं काम. आपल्याला समजून घ्यायचं ते एवढंच की लक्झरी गाडीच्या किमतीत ‘कुठं बनली’ यापेक्षा ‘किती तुकड्यांत आली’ याला जास्त किंमत असते.

दुसरं कारण युरोचं. भाग युरोत विकत घ्यायचे आणि गाडी रुपयांत विकायची. ऑगस्ट २०२२ मध्ये एक युरो ८० रुपयांच्या आसपास होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो शंभरीपार होता. कापसाचा भाव ठरवताना जसा बाहेरच्या बाजाराचा वारा लागतो, तसाच इथंही लागतो.

मागची दहा वर्षं बघितली तर वाढ कशी झाली ते कळतं. पहिली क्यू३ भारतात जून २०१२ मध्ये आली तेव्हा सुरुवातीची किंमत होती २६.२१ लाख. ऑगस्ट २०२२ मध्ये दुसरी पिढी आली ४४.८९ लाखांना. दरवर्षी सरासरी साडेपाच टक्के वाढ. ऐकायला भयंकर वाटतं, पण महागाईच्या चालीपेक्षा ती फार वेगळी नाही.

स्पर्धकांच्या रांगेत क्यू३ महाग की स्वस्त?

इथं चित्र पालटतं. बीएमडब्ल्यूची एक्स१ जानेवारी २०२३ मध्ये ४५.९० लाखांपासून आली. तिच्या पेट्रोल गाडीत दीड लिटरचं १३६ पीएसचं इंजिन, आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी मर्सिडीजची जीएलए जानेवारी २०२४ मध्ये नव्या रूपात ५०.५० लाखांपासून आली, १.३ लिटर आणि १६३ पीएस इंजिन घेऊन. क्यू३ मध्ये दोन लिटर, १९० पीएस आणि चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो यंत्रणा. शून्यावरून शंभरचा वेग सव्वासात सेकंदांच्या आसपास.

म्हणजे जर्मन तिघींच्या रांगेत इंजिनाच्या हिशोबानं क्यू३ सर्वात जास्त देते. “किंमत योग्य आहे” म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच, आणि तो खरा आहे.

पण खरी अडचण घरातूनच येते. एप्रिल २०२५ मध्ये स्कोडाची नवी कोडियाक ४६.८९ लाखांना आली. तेव्हाच्या क्यू३ च्या जवळपास त्याच किमतीत. तीही शेंद्र्यातच जोडली जाते, तीही त्याच समूहाची, इंजिनही दोन लिटर पेट्रोल, उलट थोडं जास्त ताकदीचं. वर सात आसनं आणि पावणेपाच मीटर लांबी. या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर जो फरक उरतो, त्यातला बराचसा बोनेटवरच्या चार कड्यांचा. त्या कड्यांना किंमत द्यायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपण किंमत कशाला देतोय, हे माहीत असावं.

दुसरी अडचण खालून येते. महिंद्राची एक्सयूव्ही७०० किंवा पुण्यात बनणारी हॅरियर पंचवीस लाखांच्या आसपास घेतली तर चारही बाजूंचा कॅमेरा, गार हवा सोडणाऱ्या सीट आणि समोरची गाडी थांबली की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मिळते. दुसऱ्या पिढीच्या भारतीय क्यू३ मध्ये यातलं काहीच नाही. मागचा कॅमेरा आहे, सहा एअरबॅग आहेत, भलंमोठं छताचं काचेचं झाकण आहे. पण मे महिन्यात नांदेडच्या उन्हात गाडी दोन तास उभी राहिली की छताची काच कितपत कौतुकाची आणि गार सीट कितपत गरजेची, हे वेगळं सांगायला नको. “पैसे जास्त, सोयी कमी” ही तक्रार इथं शंभर टक्के रास्त आहे.

मग ऑडीवाला काय म्हणतो? तो म्हणतो, बसून बघा. दार लावल्यावर येणारा आवाज, ताशी १२० वर आतली शांतता, वळणावर गाडीनं धरलेला रस्ता. हे कागदावरच्या यादीत दिसत नाही. हेही खोटं नाही. म्हणूनच यादी वाचणारे आणि गाडी चालवून आलेले यांचं कधीच एकमत होत नाही.

मराठवाडा आणि लक्झरी गाडी: २०१० ची आठवण

लक्झरी गाड्या आणि मराठवाडा यांचा विषय निघाला की २०१० चा किस्सा आठवतोच. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकत्र येऊन एका फटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार ६५ कोटींचा. देशभर बातमी झाली. मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागानं आपली ओळख बदलायची ठरवली होती. एकट्यानं मागितली तर सूट तोंडदेखली मिळते, दीडशे जणांनी मिळून मागितली तर कंपनी दारात येते, हा त्यातला व्यवहारी धडा.

पण त्याला दुसरी बाजू होती. या गाड्यांसाठी स्टेट बँकेनं ७ टक्के व्याजानं कर्ज दिलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१० मध्ये ‘द हिंदू’मध्ये लिहिलं की त्याच काळात त्याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी जास्त व्याज मोजावं लागत होतं. मर्सिडीज स्वस्त कर्जावर, ट्रॅक्टर महाग कर्जावर. ही गोष्ट लोकांच्या मनात घर करून राहिली.

सप्टेंबर २०२५ मध्ये निदान कराच्या बाबतीत दोघांचं एकदमच कमी झालं. लक्झरी एसयूव्ही ५० वरून ४० टक्क्यांवर आली, ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर, ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग १८ वरून ५ टक्क्यांवर. पण त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टीनं हाहाकार माजवला होता. नांदेड जिल्ह्यात सोयाबीन पाण्याखाली होतं. अशा वेळी “ऑडी तीन लाखांनी स्वस्त” ही बातमी मोबाईलवर आली, तेव्हा ती वाचून लोकांनी काय काय म्हटलं असेल याचा अंदाज करता येतो. किमतीवरची मतं फक्त गाडीबद्दल नसतात. ती सांगणारा त्या दिवशी कुठं उभा आहे, यावरही ठरतात.

एक हिशोब सोयाबीनचा करून बघू. २०१२-१३ मध्ये पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव २,२४० रुपये होता. तेव्हाची २६.२१ लाखांची क्यू३ म्हणजे ११७० क्विंटल सोयाबीन. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. ४३.०७ लाखांची क्यू३ म्हणजे ८०८ क्विंटल. म्हणजे सोयाबीनच्या मापात गाडी स्वस्त झाली म्हणायची! फक्त त्यासाठी माल हमीभावानं विकला जायला हवा, आणि बाजारात काय मिळतं ते शेतकऱ्याला विचारा. एकरी आठ क्विंटल धरले तरी ८०८ क्विंटलसाठी १०१ एकर लागतात, आणि तेही खर्च शून्य धरून.

कंधारच्या माणसानं काय बघावं?

कंधारसारख्या तालुक्यात अशी गाडी घेऊ शकणारी माणसं आहेत. डॉक्टर, कंत्राटदार, खत-बियाण्याचे मोठे व्यापारी, पुण्या-मुंबईत किंवा परदेशात कमावणारी मुलं. यातल्या व्यावसायिकांचा हिशोब वेगळा असतो. गाडी धंद्यात दाखवली तर आयकरात दरवर्षी १५ टक्के घसारा आणि कर्जाचं व्याज खर्चात धरता येतं. गाडीवर भरलेला जीएसटी मात्र सहसा वळता होत नाही. त्यामुळं डॉक्टरला पन्नास लाखांची पडणारी गाडी आणि पगारदाराला पन्नास लाखांची पडणारी गाडी, या एकाच किमतीच्या नसतात. शेजाऱ्यानं घेतली म्हणून आपणही घ्यावी, यात हा मोठा खड्डा आहे.

तिसरा गट काळजीचा आहे. महामार्गासाठी जमीन गेली आणि मोबदल्याची रक्कम एकदम खात्यात आली, अशी कुटुंबं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला हप्ता असतो. समजा पन्नासातले पंधरा लाख रोख भरले आणि पस्तीस लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी ९ टक्क्यांनी काढलं. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ५६,३०० रुपये. सात वर्षांत व्याजच १२.३० लाख. म्हणजे जेवढा जीएसटी भरला, जवळपास तेवढंच परत बँकेला. गाडीचा एकूण आकडा ६२ लाखांच्या वर.

वर पेट्रोल. ऑडीनं भारतात २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. महिन्याला दीड हजार किलोमीटर, लिटरला अकराची सरासरी आणि १०५ रुपयांचा दर धरला तर चौदा हजारांच्या आसपास. हप्ता धरून महिन्याला सत्तर हजार. यात विमा, टायर आणि सर्व्हिसिंग आलेलं नाही. जमीन गेली ती परत येत नाही, आणि गाडीची किंमत मात्र शोरूमच्या दारातून बाहेर पडल्यापासून उतरायला लागते. मोबदल्याच्या पैशातून गाडी घेताना हा एक विचार पुरेसा आहे.

रस्त्याचंही बघायला हवं. नागपूर-तुळजापूर महामार्ग लोह्यावरून जातो, त्यामुळं नांदेड किंवा लातूरकडं जाताना क्यू३ मजेत पळेल. पण महामार्ग सोडून बालाघाटच्या चढउतारावरच्या वाडी-तांड्याच्या रस्त्याला लागलात की गोष्ट बदलते. अठरा इंची चाकांचे कमी जाडीचे टायर खड्ड्यात फुटले तर तो टायर तालुक्याच्या दुकानात मिळणं अवघड. रोजचा रस्ता असा असेल तर उंच, जाड टायरची देशी गाडी किंवा फॉर्च्युनर हाच शहाणपणा. फॉर्च्युनर घेणारे सगळे मिरवायलाच घेतात असं नाही. दुरुस्ती आणि पुढं मिळणारी किंमत, दोन्ही बाजूंनी ती आपल्या भागात जास्त सोयीची पडते.

म्हणून शोरूमला जाण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. सर्वात जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे, आणि गाडी बंद पडली तर उचलून नेण्याचा खर्च कुणाचा? पाच वर्षांच्या वॉरंटीला आणि सर्व्हिस पॅकेजला किती जादा पैसे? तीन वर्षं वापरलेल्या क्यू३ ला आज बाजारात काय भाव मिळतोय? आणि नवी पिढी जगात आलेली असताना जुन्या पिढीचा उरलेला माल देत असतील, तर सूट किती? शेवटचा प्रश्न निर्लज्जपणे विचारा. १५० मर्सिडीजवाल्यांनीही तेच केलं होतं.

रंगाचंही सांगून टाकू. दुसरी पिढी आली तेव्हा ‘पल्स ऑरेंज’ नावाचा झगझगीत नारिंगी रंग मिळायचा आणि फोटोत सगळ्यात जास्त तोच आवडायचा. पण विकायची वेळ आली की आपल्याकडं पांढऱ्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

मग बरोबर कोण?

दिसण्यावर निकाल लागत नसतो. किमतीवर मात्र लावता येतो, पण प्रश्न नीट विचारला तरच. ‘क्यू३ महाग आहे का?’ याची उत्तरं तीन आहेत. एक्स१ आणि जीएलएच्या शेजारी ठेवली, तर नाही. कोडियाक किंवा एक्सयूव्ही७०० च्या शेजारी ठेवली, तर हो. आणि आपल्या महिन्याच्या मिळकतीशेजारी ठेवली, तर त्याचं उत्तर फक्त आपल्याकडंच आहे. भांडणारे बहुतेक लोक हे तीन वेगवेगळे प्रश्न एकच समजून भांडतात.

एवढं नक्की सांगता येईल. कराचे अठरा लाख प्रत्येकाला द्यावेच लागतात, त्यावर चिडून उपयोग नाही. खरा निर्णय उरतो तो त्या चार कड्यांसाठी आणि आतल्या शांततेसाठी किती जादा द्यायचे याचा. ते जादा पैसे कमाईतून देणार असाल तर खुशाल घ्या, कुणाच्या मताची गरज नाही. जमिनीच्या पैशातून देणार असाल, तर आधी महिन्याचे सत्तर हजार कागदावर लिहा, सातने गुणा, बारानं गुणा, आणि घरातल्या सगळ्यांना तो आकडा वाचून दाखवा. अठ्ठावन्न लाख ऐंशी हजार होतात.